चाळीस सेकंदांची पट्टी

१

श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी रत्नपालने वाचनालयाच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि मला म्हणाला, "पोस्टमास्तर, नावं मोजा."

मी मोजली. अकरा होती. पाचवं नाव त्याच्या मुलीचं, रचनाचं.

"हे अकरा फॉर्म नागपूरले पोहोचलेच नाही," तो म्हणाला. "मी काल सोता जाऊन पाह्यलं. गावातल्या बाकीच्या पोरींची नावं तिथं हायेत, ह्या अकरांची नाहीत. अन् मुदत सोमवारी संपली."

फॉर्म परिचारिका प्रशिक्षणाचे होते. नागपूरच्या एका संस्थेत दोन वर्षं राहायचं आणि शिकायचं. त्यासाठी आमच्या दवनीवाड्यातल्या मुलींना गोंदियाला खेटे घालावे लागू नयेत म्हणून वाचनालयाने कॉम्प्युटर घेतला, वेबसाइट करून घेतली आणि तिच्यापुढे अल्काला बसवलं. अल्का गावातली सून, बारावी झालेली, नवरा तिरोड्याला कामाला. महिनाभरात तिने चौसष्ट फॉर्म भरले. त्रेपन्न पोहोचले.

"आता अजून एक मोजा," रत्नपाल म्हणाला. "अकरातले सात आमच्या बस्तीतले. काऊन?"

त्याने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

वाचनालयाचे अध्यक्ष भोजराज बिसेन समोरच होते. ते म्हणाले, "अल्काने मुद्दाम दाबून ठेवले म्हणतोस काय?"

"मी काही म्हणून नाही राहिलो अध्यक्ष. मी विचारून राहिलो."

अल्का कॉम्प्युटरपाशी उभी होती. तिने आपली हातवही पुढे केली. फॉर्म भरला की नाव आणि वेळ ती त्यात लिही. "अकराच्या अकरा भरले मी. पडद्यावर हिरवी खूण आली, मगच लिहिलं. काका रोज इथंच बसत. विचारा त्याइले."

"खरं आहे," मी म्हणालो. "दुपारच्या कितीतरी हिरव्या खुणा मी या डोळ्यांनी पाहिल्यात."

भोजराजभाऊंनी चष्मा पुसला. "रविवारी सभा घेतो. नागपूरवाले म्हणतात, चूक यंत्राची असेल तर तसं लेखी द्या, विचार करू. कारण सापडलं नाही तर अल्का, तुले ही खुर्ची सोडावी लागेल. अन् काऊन सोडली, ते बाहेरच्या फळ्यावर लिहावं लागेल. लोक विचारतीलच." मग माझ्याकडे वळले. "चुन्नीलालजी, हे तुमचं काम."

एकतीस वर्षं मी टपालखात्यात काढली. हरवलेल्या रजिस्ट्रीचा माग काढायचा तर माझ्याकडेच पाठवत. माझा एकच नेम असे. टपाल हवेत जात नाही. शेवटी ते कुणाच्या तरी हातात होतं. तो हात शोधायचा.

आपण कुणाचा हात शोधायला निघालोय, हे त्या सकाळी कळलं असतं तर मी पांडुरंगाची शपथ घालून नकार दिला असता.

२

शुक्रवारी आधी खेमराजला गाठलं. वाचनालयाची किल्ली त्याच्याकडे, विजेचं मुख्य बटणही त्याच्याच हाताखाली. शिवाय त्या खुर्चीवर आपली सून दुर्गेश्वरी बसावी म्हणून त्याने वर्षभर भोजराजभाऊंच्या ओट्यावर चहा प्यायला होता.

"खेमराज, दुपारी मेन बटण बंद करायचास का रे कधी?"

"मी कायले करू?" तो पायरीवर बसून सुपारी कातरत होता. "सुनेसाठी म्हणता न? मास्तर, तिले आता गोरेगावच्या अंगणवाडीत लागलं. अल्काची खुर्ची घेऊन मी काय तिच्यावर वाळवण घालू?"

मी हातवही उघडली. हरवलेले अकराही फॉर्म सप्ताहाच्या सात दिवसांतले होते, आणि सगळे दुपारी तीन ते पाचमधले. त्याच सात दुपारी आणखी सहा फॉर्म भरले गेले होते, ते मात्र नीट पोहोचले होते. एक हरवलेला, मग एक पोहोचलेला, मग पुन्हा दोन हरवलेले. वीज किंवा नेट गेलं असतं तर एका पट्ट्यातले सगळेच गेले असते. खेमराज सुटला.

सप्ताह म्हणजे तिरोड्यापलीकडच्या एका गावातला हरिनाम सप्ताह. यंदा उदारामबुवा होते. बुवांच्या कीर्तनाला मी वीस वर्षांत चुकलो नव्हतो, पण यंदा गुडघ्याने दगा दिला. तरी ऐकायचं राहिलं नाही. हल्ली बसल्या जागी सगळं ऐकू येतं. दुपारी तीनला मी वाचनालयाच्या बाकावर बसे, ऐके आणि वहीत टिपून घेई. बुवांनी कोणतं आख्यान लावलं, कुठे टाळकऱ्यांना थांबवून हलक्या आवाजात बोलले, मध्येच प्रक्षेपण कधी अटकलं, पुन्हा कधी सुरू झालं. वेळा लिहायची सवय टपालातली.

अल्काला मी बाहेर कडुनिंबाखाली बोलावलं.

"बाई, खरं सांग. फॉर्म भरताना तू दुसरं काही उघडत होतीस काय?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "नाही, काका."

"आठवून सांग."

"नाही म्हणलं न. तुमी नोका विचारू."

ती आत गेली. मी निघणार तोच खेमराज जवळ आला. सुपारी गालात सारून हळूच म्हणाला, "मास्तर, एक सांगू? काल सगळे गेल्यावर अल्का परत आली होती. कॉम्प्युटरात कोणकोणती पानं उघडली त्याची यादी राह्यते न, ते तिनं पुसली. मी मागं उभा होतो. मले म्हणाली, खेमराजभाऊ, कोणाले सांगू नोका."

३

शनिवारी सकाळच्या एसटीने गोंदियाला गेलो. वेबसाइट बनवणारा लोकेश बाजारातल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानामागे बसतो.

"काका, मेरा काम साफ है," मी टेकायच्या आतच तो म्हणाला.

"असेलही. मला फक्त फॉर्मचा रस्ता सांग. बटण दाबलं, पुढे?"

त्याने पान उघडलं. "देखो. 'पाठवा' दाबलं की ही निळी पट्टी सरकते. डावीकडून उजवीकडे, चाळीस सेकंद. तेवढ्यात शेजारचं 'थांबवा' दाबता येतं. लोकांना दाबल्यावरच चूक आठवते ना. कुणाची जन्मतारीख उलटी, कुणाचं नाव अर्धं."

"म्हणजे पट्टी सरकते तेव्हा फॉर्म जात नसतो?"

"नहीं. जायची वाट बघत असतो. पट्टी शेवटाला पोहोचली की जातो."

"ती पोहोचली हे कोण सांगतं?"

लोकेश खुलला. "यही तो बात है. पहिले पट्टी म्हणजे नुसता देखावा होता. ती कुठवर आली, हे आतल्या प्रोग्रामला कळायचंच नाही. घड्याळ लावून अंदाज करावा लागे. आता नव्या ब्राउझरमध्ये प्रोग्राम सरळ पट्टीलाच विचारू शकतो, कितना हुआ? ती सांगते, अर्धं झालं, पाऊण झालं. माझा प्रोग्राम सेकंदाला साठ वेळा विचारतो. नव्व्याण्णव टक्के पार झाले की फॉर्म रवाना."

"एवढी विचारपूस कशाला? घड्याळ लावायचं."

"अन् कोणी 'थांबवा' दाबून विचार करत बसला तर? पट्टी थांबते काका. घड़ी थोडी रुकती है."

मला त्याची हुशारी आवडली. आम्ही टपालातही पिशवी कुठवर आली ते पुढच्या ठाण्याला विचारूनच धरायचो, घड्याळ बघून नाही.

"आणि ती हिरवी खूण?"

लोकेशने मान खाजवली. "ती जुनी आहे. माझ्या आधीच्या एका वेबसाइटवरून उचललेली. ती घड्याळावर चालते. बटण दाबल्यापासून चाळीस सेकंद झाले की उगवते."

"म्हणजे खूण घड्याळाच्या सांगण्यावरून, आणि फॉर्म पट्टीच्या?"

"हां. पण दोन्ही सोबतच संपतात."

"लोकेश, तुझा विचारणारा मध्येच उठून गेला तर?"

मग त्याने खोट्या नावाचा एक फॉर्म भरला, 'पाठवा' दाबलं, आणि लगेच त्याच्यावर दुसरं पान उघडलं. पट्टी झाकली गेली. आम्ही दोघांनी मनात चाळीस मोजले. तो परत आला. हिरवी खूण ऐटीत उभी होती.

फॉर्म पोहोचला नव्हता.

"झाकलेल्या पानात ब्राउझर विचारणं बंद ठेवतो," लोकेश हळू बोलला. "वीज वाचवायला."

"पण पान पुन्हा वर आल्यावर विचारतो ना?"

"विचारतो. तोवर पट्टी संपलेली असते. संपलेल्या पट्टीला विचारलं, कितना हुआ, तर ती शंभर सांगत नाही काका. शून्यपण नाही. कुछ भी नहीं बोलती." त्याने कपाळाला हात लावला. "मैं समझा था शंभर सांगेल. गलती मेरी है."

"अर्धी तुझी," मी म्हणालो. "अर्धी त्या चाळीस सेकंदांत पान झाकणाऱ्याची."

दुकानाबाहेर आलो तेव्हा मी खूश होतो, हे कबूल करतो. पान अल्कानेच झाकलं होतं. यादी तिनेच पुसली होती. रविवारी सभेत काय बोलायचं, त्याची वाक्यंही मी जुळवायला लागलो. फक्त तिने त्या दुपारी काय उघडलं होतं, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

४

एसटीत खिडकीची जागा मिळाली. सभेसाठी टिपण करावं म्हणून पिशवीत हात घातला. अल्काची हातवही काढायची होती, हाताला माझी कीर्तनाची वही लागली. तीच उघडली.

"सप्ताह, दिवस दुसरा. ३.१० ला अटकलं. ३.१८ ला पुन्हा सुरू."

तीन अठरा.

मी अल्काची हातवही काढून मांडीवर ठेवली. रचना रत्नपाल, ३.१८.

पुढचं पान. दिवस तिसरा, ४.०५ ला पुन्हा सुरू. हातवहीत ४.०५ ला बस्तीतल्या नीलाचा फॉर्म. दिवस चौथा, ३.३२ आणि ४.४७. हातवहीत दोन नावं, त्याच वेळा. मी अकराही ताडून पाहिल्या. एकही चुकली नाही. आणि जे सहा फॉर्म पोहोचले, त्यांच्या वेळी माझ्या वहीत काहीच नव्हतं. तेव्हा कीर्तन सुरळीत चाललं होतं.

मी कीर्तन ऐकत होतो असं वर लिहिलं, पण कुठल्या यंत्रावर ते लिहिलं नाही. लिहायचं टाळलं, हेच खरं. ते वाचनालयाच्याच कॉम्प्युटरवर चाले. फॉर्मचं पान वर आणि बुवांचं पान त्याच्या खाली, आवाज तेवढा येई. भिंतीवर भोजराजभाऊंनी पाटी लावली होती, 'या यंत्रावर खाजगी काही पाहू नये'. पाटी सिनेमे पाहणाऱ्यांसाठी आहे असं मी धरून चाललो. कीर्तन काय खाजगी असतं? आणि कालच मी त्या बाईला विचारलं होतं, दुसरं काही उघडत होतीस काय? कीर्तन मी 'दुसरं काही'त मोजलंच नव्हतं.

गावात उतरलो तो सरळ अल्काच्या घरी. ती अंगणात शेंगा निवडत होती. मी दोन्ही वह्या तिच्यापुढे ठेवल्या.

तिने त्या उघडल्या नाहीत. "समजलं काय तुमाले?"

"तुला ठाऊक होतं?"

"फॉर्म कसे गेले ते नाही ठाऊक. पण तुमचं कीर्तन अटकलं का तुमी बाकावर चुळबुळ करत. फॉर्म भरताना मी हात लावत नव्हती, लोकाइचं काम आधी. पट्टी चालू झाली का चाळीस सेकंद मोकळे. तेवढ्यात तुमचं पान वर घेऊन सुरू करून द्यायची. ते चालू होईपर्यंत मिनिट जाये, परत पाह्यलं का हिरवी खूण आलेलीच राहे."

"मग यादी का पुसलीस?"

"भोजराजभाऊनं पाह्यलं असतं न. पाटी लावली हाये त्याइनं. म्हणले असते, मास्तराइनं कॉम्प्युटर वापरला." ती शेंगा निवडत राहिली. "तुमी पोस्टमास्तर. तुमाले गावात कोणी काही म्हणलं नाही आजवर. मले तर आताच म्हणून राहिले."

तिने पाट सरकवला.

"काका, एक करा," ती म्हणाली. "यंत्राची चूक म्हणून सांगा. खोटं थोडीच हाये? लोकेशच्या माथी जाऊ द्या. तुमचं नाव कायले?"

घरी जाताना तोच विचार माझ्या चालीबरोबर चालत होता. चूक लोकेशचीच होती. विचारा कुणालाही. त्याने खूण आणि फॉर्म एकाच दोरीला बांधले असते, तर मी शंभर कीर्तनं ऐकली असती तरी बिघडलं नसतं. पण रत्नपालने विचारलं होतं, सात आमच्या बस्तीतलेच काऊन? त्याचं उत्तर लोकेशकडे नव्हतं. ते माझ्याकडे होतं. आणि ते आठवलं तेव्हा मी रस्त्यात उभाच राहिलो.

५

रविवारी वाचनालय भरलं. बायका दाराशी, पुरुष बाकांवर, लोकेश गोंदियाहून येऊन भिंतीला टेकलेला. अल्का कॉम्प्युटरजवळ उभी होती. खुर्चीवर बसली नव्हती.

कीर्तनात बुवा आधी प्रश्न मांडतात आणि शेवटी आख्यानातून तो सोडवतात. मी आयुष्यभर खाली बसून ऐकत आलो. त्या दिवशी उभा राहिलो.

पट्टी, खूण, झाकलेलं पान, सगळं सांगितलं. लोकेशने सगळ्यांसमोर करून दाखवलं. एक फॉर्म पट्टीकडे बघत पाठवला, तो पोहोचला. दुसरा झाकून पाठवला, तो नाही. लोकांनी चाळीस सेकंद मोठ्याने मोजले. लोकेश म्हणाला, "मेरी गलती है, लिहून देतो." भोजराजभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे यंत्राचं. झालं तर मग. बसा चुन्नीलालजी."

इथे बसता आलं असतं. भोजराजभाऊंनी खुर्चीही पुढे केली होती.

"नाही," मी म्हणालो. "पान कुणासाठी झाकलं, ते राहिलं."

अल्काने मान हलवून मला थांब म्हटलं. मी तिच्याकडे बघायचं सोडलं.

"माझ्यासाठी. मला या यंत्रावर कीर्तन ऐकायचं होतं. अटकलं की अल्का पट्टी सोडून ते सुरू करून देई. अकरा वेळा. या माझ्या वहीत वेळा आहेत, त्या हातवहीत नावं आहेत, ताडून बघा. यादी तिने पुसली ती मला वाचवायला. मी मात्र तपास करता करता तिलाच धरायला निघालो होतो."

मग रत्नपाल उठला.

"म्हणजे तुमी देवाचं ऐकून राहिले होते," तो म्हणाला, "अन् माह्या पोरीचा फॉर्म गेला."

"हो."

"अन् सात आमचेच काऊन?"

"कारण ते सगळे तीननंतर आले. सकाळी ज्या मुली आल्या त्यांच्या वेळी कीर्तन नव्हतं. बस्तीतल्या मुली सकाळी धानाच्या रोवणीला होत्या." मी वही मिटली. "त्यातल्या चौघी माझ्याच शेताच्या बांधीत होत्या. रचनाही. तिने मला विचारलं होतं, काका, सकाळी जाऊन फॉर्म भरून येऊ काय? मी म्हणालो, रोवणी होऊ दे, तीननंतर जा. मीच तिला त्या वेळेला पाठवलं, रत्नपाल. आणि मग त्याच वेळेला बाकावर येऊन बसलो."

रचना दाराशी होती. तिने पदर तोंडाशी धरलेल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले वाटत होतं, कोणीतरी आमचे कागद फाडले असतील," रत्नपाल म्हणाला. "तसं असतं तर भांडता आलं असतं. आता तुमच्यासंग काय भांडू?"

ते त्याने रागाने म्हटलं असतं तर मी ते लवकर विसरलो असतो.

भोजराजभाऊंनी पत्र लिहिलं. लोकेशने चूक मान्य केल्याची सही केली, त्याखाली मी माझी केली. सोमवारी रत्नपाल आणि मी ते घेऊन नागपूरला गेलो. गाडीत तो माझ्यासमोर बसला, शेजारी नाही. संस्थेने दहा फॉर्म घेतले. अकरावी नीला आधीच मामाकडे रायपूरला निघून गेली होती. आपलं नाव लागलं नाही असं समजून गेली होती. मी तिला पत्र टाकलं. उत्तर आलेलं नाही.

वाचनालयाच्या फळ्यावर खुर्ची सोडणाऱ्याचं नाव लिहायला जागा ठेवली होती. तिथे मी खडूने माझं नाव लिहिलं आणि खाली कारण लिहिलं. खेमराज म्हणाला, "मास्तर, पुसू काय?" मी म्हणालो, पाऊस पुसेल तेव्हा पुसेल.

पंधरा दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मग गणपतीच्या आधी एका दुपारी गेलो. अल्का आपल्या खुर्चीवर होती, समोर कुणाच्या तरी दाखल्याचा फॉर्म भरून तयार होता. मला पाहून तिने बाक पुसला.

"काका, आज बुवांचं कीर्तन हाये म्हणतात. लावू काय? भोजराजभाऊंनी परवानगी देली, काम नसताना."

"आधी हे पाठव," मी म्हणालो.

तिने 'पाठवा' दाबलं. लोकेशने आता सगळं दुरुस्त केलं आहे, पान झाकलं तरी फॉर्म जातो, हे मला ठाऊक होतं. तरी मी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि निळी पट्टी डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत तिच्यावरून नजर हलवली नाही. चाळीस सेकंद फार मोठे असतात. 'थांबवा'चं बटण शेजारीच असतं, आणि ते पट्टी चालू असेपर्यंतच दाबता येतं.

खूण आली. अल्काने हातवहीत वेळ लिहिली आणि माझ्याकडे वळली.

"आता लावू?"

"पोहोचला का ते बघ आधी," मी म्हणालो.